मधली फळी

शैलजाने गळाला लावून टाकलेला रबरी बेडूक कमळाच्या पानावर टपकन पडला आणि घसरून पाण्यात आला. तिने रॉडला दोन हलके हिसके दिले, तसा तो खऱ्या बेडकासारखा उड्या मारत निघाला.

"आता गप्प," ती कुजबुजली. कुणीच बोलत नव्हतं, तरी ते आपल्यालाच म्हटलं असं प्रतिमाला वाटलं.

होडीच्या पुढच्या टोकाला शैलजा, मागे मोटरपाशी प्रतिमाचा नवरा जगन्नाथ आणि मधल्या फळीवर प्रतिमा, मांडीवर थालीपिठांचा डबा घेऊन. लग्नानंतरचं सारं आयुष्य अमेरिकेत, ईडन प्रेरीत काढून ती या तळ्यावर आज पहिल्यांदा आली होती. जगन्नाथ मात्र उन्हाळाभर दर शनिवारी यायचा. आधी शैलजाच्या नवऱ्याबरोबर. तो वारला, तेव्हापासून शैलजाबरोबर. "तुलाही आणू या, असं शैलजाच म्हणाली," काल त्याने सांगितलं होतं. चांगल्या मनानेच सांगितलं होतं, पण प्रतिमाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पाणगवतात धडाम आवाज झाला. पाणी फुटलं, बेडूक दिसेनासा झाला. शैलजा हलली नाही. दोरी जड झाली तेव्हाच तिने रॉड वर खेचला.

"अरे जगन, जाळी!"

अरे जगन! प्रतिमा इतक्या वर्षांच्या संसारात 'अहो'च्या पुढे गेली नव्हती. आणि घरात पाण्याच्या ग्लासासाठीही न उठणारा जगन्नाथ दुखरे गुडघे विसरून उभा राहिला. जाळी प्रतिमाच्या डोक्यावरून पुढे गेली, पाणी तिच्या केसांवर ठिबकलं.

"मागच्या जूनमधला मासा याचाच भाऊ होता," शैलजा हसत म्हणाली.

"तुझी टोपी पाण्यात पाडणारा?"

"माझी कुठे? तुझी! आणि तू तिच्यामागे उडी मारायला निघालास, वेडा!"

दोघं खदखदून हसली. जगन्नाथ टोपी न घालता घरी आला होता, तो दिवस प्रतिमाला आठवत होता. 'वाऱ्याने गेली,' एवढंच तो म्हणाला होता आणि जेवायला बसला होता.

शैलजाने मासा पाण्यात सोडून दिला.

"सोडलात?" प्रतिमा म्हणाली. "घरात सगळ्यांना पुरला असता."

"प्रतिमाताई, मी मासे खातच नाही हो."

"मग धरता कशाला?"

शैलजा नुसती हसली. प्रतिमाने डबा खाली ठेवला. "तो रॉड द्या इकडे."

"अगं, तुला जमायचं नाही," जगन्नाथ म्हणाला.

"बघू."

पहिल्या दोनतीन वेळा बेडूक भलतीकडेच पडला. मग एकदा गवताच्या कडेला नीट बसला. पाणी फुटलं आणि प्रतिमाने जीव खाऊन हिसका दिला. मासा आलाच नाही. रिकामा बेडूक भिरभिरत येऊन तिच्याच पदरात पडला.

"घाई नाही करायची!" पुढून आणि मागून एकदमच आवाज आला. एका दमात, एका सुरात.

प्रतिमाने बेडूक पुन्हा तिथेच टाकला, पुन्हा नाचवत आणला. यावेळी पाणी फुटलं तेव्हा तिने दात आवळले आणि थांबली. दोरी ताणत गेली. मग तिने खेचलं.

होडी डुचमळली. जगन्नाथने जाळी उचलली.

"नको," प्रतिमा म्हणाली. मालवणच्या लेकीला मासा धरायला जाळी कशाला? तिने वाकून त्याच्या तोंडात अंगठा घातला आणि तो हिरवा, काळसर पट्ट्याचा बास मासा वर उचलला. शैलजाच्या माशाच्या दीडपट तरी होता.

दोन्ही हातांनी तो छातीशी धरून ती मागे वळली.

"अहो," ती म्हणाली.

जगन्नाथचा चेहरा उजळून निघाला होता. असा चेहरा तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तो धडपडत उठला, त्याने प्रतिमाच्या खांद्यावर हात ठेवून तोल सावरला आणि तिच्यावरून मान उंचावून ओरडला,

"शैलजा, बघितलंस?"