चार डब्यांची वाट

पंपावरची भावाची पाटी. जुन्या आकड्यावर नवा आकडा चिकटवलेला. एक कोपरा सुटलाय, वाऱ्यात वाजतो.

लोणच्याची बरणी. झाकणावर काकडीचं चित्र, आत पेट्रोल.

कॅरिबू हरणाची जीभ. उकडलेली, न कापता.

दक्षिणेतल्या इस्पितळातून विमानाने परत आलेला एक म्हातारा. सोबत आलेल्या कागदावर पुढे काय करायचं ते लिहिलेलं नाही.

गावच्या रेडिओवर एका बाईचा आवाज : सैलासाठी तळ्यापर्यंत जायचंय, ज्यांच्याकडे जास्तीचं पेट्रोल असेल त्यांनी थोडं आणून द्या.

बर्फावर एक काळा ठिपका.

ठिपका हलत नव्हता. पुटुलिकने बर्फगाडीचा वेग कमी केला. हलता ठिपका म्हणजे जनावर. न हलता ठिपका म्हणजे माणूस, आणि माणूस टाळून पुढे जाता येत नाही.

पलीकडच्या घरातला मार्कुसी होता. आपल्या गाडीच्या आडोशाला, लाकडी घसरगाडीवर पाय पोटाशी घेऊन बसला होता.

"ये," तो म्हणाला. "चहा संपलाय, पण जागा भरपूर आहे."

"काही दिसलं का, काका?"

"एक ससा. तोही हसून गेला."

पुटुलिकने इंजिन बंद केलं. चालू ठेवणं परवडत नव्हतं.

"बंद पडली?"

"गाडीला काही झालेलं नाही. तिला प्यायला नाही." मार्कुसीने बुटाने मागचा लाल डबा ढकलला. तो पोकळ वाजला. "दोन डबे घेऊन निघालो. एक यायला, एक जायला. हा जायचा."

"गळला असेल."

"वास घे. गळला असता तर वास आला असता." तो हसला. "चोरीला गेला म्हणावं, तर गावात चोर कोण? सगळे नातेवाईक. मी काल सकाळीच भरून घसरगाडीला बांधून ठेवला होता."

पुटुलिक वाकली. डब्याची दोरी घट्ट होती. गाठ बारीक आणि नीटस होती, बाईच्या हातची. तिने गाठीवरून हात काढून घेतला.

"ऊलिपिकाकाकूंना सांगून निघालात?"

"झोपली होती. पहाटे वारा पडला, मग मी थांबतोय होय?"

पुटुलिकच्या गाडीवर तीन डबे उरले होते. गाव ते इथवर एक. इथून तळं एक. परतीला दोन. पूर्वी कॅरिबू गावामागच्या टेकडीवर येत, आता थेट तळ्याकाठी असतात. इस्पितळातून आलेला तिचा बाप सैला आठवडाभर जेवलेला नाही. सकाळी निघताना तो खिडकीजवळच्या खाटेवरून म्हणाला होता, "दादा, जीभ आण. तेवढी खाईन मी." बुडालेल्या थोरल्या भावाचं नाव त्याने मुलीला दिलंय, म्हणून तो तिला दादा म्हणतो. दादाकडे तो काही मागत नसे.

"माझ्या मागे बसा," ती म्हणाली. "तळ्यापर्यंत जाऊन येऊ. तुमची गाडी राहू दे इथे."

मार्कुसीने एक बूट ओढून काढला, मोजा खाली केला. अंगठ्यापासून तीन बोटं गारठून मेणासारखी पांढरी पडली होती. "सकाळपासून बोलत नाहीत माझ्याशी," तो म्हणाला.

तिने मोजा वर चढवला. बूटही तिनेच घातला. मग मागे जाऊन एक डबा सोडला.

"मग तू कुठपर्यंत जाशील?"

"तुमच्या मागोमाग. घरापर्यंत."

"अगं, थोडं पुढे जाऊन बघ. कळप कधी कधी अलीकडे येतो."

"आणि मी अडकले तर? न हलणाऱ्या ठिपक्यापाशी कोण येणार? तुम्ही?"

मार्कुसीने आपल्या टाकीचं झाकण उघडलं. ती त्याच्या टाकीत पेट्रोल ओतत होती. दोघंही धारेकडे बघत होते. शेवटी तिने डबा उलटा करून झटकला, मग आणखी एकदा झटकला.

"एवढं पेट्रोल तुला मिळालं कुठून?"

"लोकांनी दिलं. रेडिओवर मागितलं होतं."

"मी काल दिवसभर माशांच्या जाळ्याकडे होतो. कळलं असतं तर मीही दिलं असतं."

"हो," पुटुलिक म्हणाली.

त्याने इंजिनाची दोरी ओढली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तो तिच्याकडे वळला, आवाजावर आवाज चढवत म्हणाला, "हे राहिलं माझ्याकडे. पहिला कॅरिबू मारला की जीभ सैलाची. दुसऱ्या कुणाला नाही."

"कधी?"

मार्कुसीने तळ्याच्या दिशेने पाहिलं. मग समुद्राकडे. समुद्र दिसत होता तिथवर गोठून पांढरा होता.

"पेट्रोलचं जहाज आलं की. भाव उतरेल थोडा."

जहाज ऑगस्टात येतं. एप्रिल चालू होता.

तो पुढे निघाला, ती मागे. त्याच्या घसरगाडीवर लाल डबा पोकळ वाजत होता. तिला तो गावापर्यंत ऐकू येत राहिला.

काल दुपारी, रेडिओवरचं बोलणं संपतं न संपतं तोच, सैलाच्या दारात सगळ्यांत आधी ऊलिपिका आली होती. "उद्याही वारा आहे, आमचा कुठे जातोय," असं म्हणून तिने हातातला लाल डबा पुटुलिकच्या डब्यात शेवटच्या थेंबापर्यंत ओतला, आणि रिकामा डबा होता तिथे बांधून ठेवायला परत नेला.