हिरवी पट्टी

अँब्युलन्स केंद्रातली वृंदा फोनवर एका आईला सांगत होती, टबात बुडालेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा. तेवढ्यात तिच्या मनगटावरची पट्टी लाल झाली.

"तुमचा ताण वाढला आहे," कानातलं यंत्र म्हणालं. "तुमच्या काळजीपोटी हा कॉल दुसऱ्याकडे देत आहोत."

"सर, थांबवा हे! ती माझ्या आवाजावर तग धरून आहे!"

यंत्र थांबवणं पर्यवेक्षक हुद्दारांच्याही हातात नव्हतं. त्यांनी तिची पट्टी ओढून काढली, स्वतःच्या मनगटावर बांधली आणि डोळे मिटून सावकाश श्वास घेऊ लागले.

"तू बोलत राहा."

पट्टी हिरवी झाली. बऱ्याच वेळानं फोनवर बाळ रडलं, आणि वृंदालाही हुंदका आवरेना.

"तुम्ही ठीक आहात," यंत्र म्हणालं. "पुढचा कॉल देत आहोत."

हुद्दारांनी ते तिच्या कानातून काढलं आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.