हलकी गाडी

एडगरने अख्खा हिवाळा गाडीला भोकं पाडण्यात घालवला. टेकडी चढायच्या शर्यतीची ती त्याची शंभरीला टेकलेली गाडी. वजन कमी तेवढी चढाला पळते, म्हणून सीटला भोकं, ब्रेकच्या पेडलला भोकं, पायाखालच्या पत्र्याची तर चाळणीच केली, आणि हे सगळं मधे मधे सॉसेज रोल हाणत. त्याला एकदा तरी बायकोला हरवायचं होतं. दोघं एकच गाडी आळीपाळीने चढवतात आणि दर वर्षी बेरिलच कमी वेळात वर पोचते. मूर्खपणाला छंद म्हटलं की आमच्या श्रॉपशायरमध्ये सगळं माफ असतं.

शर्यतीच्या दिवशी असा पाऊस झाला की टेकडीची माती रस्त्यावर उतरली. आधी एडगर सुटला. पहिल्याच वळणावर भोकांतून चिखलाच्या पिचकाऱ्या उडाल्या आणि साहेब वर पोचले ते कमरेपर्यंत लिंपलेले, चष्मा पुसत.

मग बेरिलची पाळी. तिने भोकांवर केकचा लोखंडी ट्रे टाकला, त्यावर बूट रोवले आणि गेली. कर्ण्यावरून वेळ जाहीर झाली. नवऱ्यापेक्षा दोन सेकंद कमी.

"मी गाडी हलकी केली म्हणून जमलं हिला," एडगर आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

बेरिलने सावकाश हेल्मेट काढलं.

"खरंय रे. तू उतरलास आणि गाडी हलकी झाली."