नाही म्हणण्याचा सराव

दामिनीने तीनदा नकार दिला आणि तिन्ही वेळा मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"नहीं, पिताजी. मैं पढ़ने जाऊँगी."

संस्थेकडून आलेली पुस्तिका हिंदीत होती, म्हणून सरावही हिंदीतच चालला होता. धडा पाचवा, नकार देणे. रजनीबाईंनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या होत्या. नजरेला नजर द्यायची. एकदाच सांगायचं. कारणं द्यायची नाहीत. पांढुर्ण्याच्या समाजभवनात दर रविवारी त्या हा वर्ग घेत. बावीस मुली येत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण हातात खडू असला की बाईंचे गुडघे दुखत नसत.

"आता घरी बोलतो तसं बोल," बाई म्हणाल्या.

बाप झालेल्या हिमानीने ओढणीचा फेटा बांधला आणि घसा खाकरला. "काय वं दामिने, कुठं जाऊन राहिली? कोनाले इचारलं?"

मुली खिदळल्या. दामिनी फळ्याकडे पाहत राहिली.

"बाबा, तुमी म्हणता ते बराबर आहे, पन..."

"पन आला!" हिमानी ओरडली. "पन म्हटलं का गेली तू कामातून. चाल, भाकरी टाक!"

दामिनीही हसली. मग हळूच म्हणाली, "हिंदीत जमते, बाई. घरी असं कोनी बोलतच नाही ना."

"आज बोलावं लागेल. उद्या शेवटची तारीख आहे."

छिंदवाड्याला नर्सिंगच्या कॉलेजात दामिनीचं नाव लागलं होतं. कागद बाईंनीच जुळवून दिले होते. ते निळ्या फाईलमध्ये तिच्या पिशवीत होते. बापाची सही तेवढी राहिली होती.

"तुमी याल ना संगं?"

"येते. संध्याकाळी आपण दोघी सांगू."

बाहेर मोटारसायकल थांबली. दामिनीचे वडील, भूपेंद्र, दारात चपला काढून आत आले आणि सरळ बाईंच्या पायाशी वाकले. बाईंचा हात आपसूक त्यांच्या डोक्यावर गेला. तिसरीत सातच्या पाढ्याला अडणारं हेच डोकं. आता केस पिकले होते.

"सुखी राहा."

"भुट्टे आनले, बाई. वावरातले. कवळे आहेत, आजच भाजा." त्यांनी भरलेली थैली बाईंच्या हातात दिली. मग लेकीकडे वळले. "चाल वं पोरी. मोहगावची मावशी पडली, कंबरडं मोडलं तिचं. घरात दोन लहान लेकरं. दिवाळीवरी तुले तिथंच राहा लागन. कपडे घेऊनच आलो."

दामिनीचा हात पिशवीत गेला. फाईल अर्धी बाहेर आली.

"बाबा," ती म्हणाली आणि तिने बाईंकडे पाहिलं.

भूपेंद्रांनीही बाईंकडे पाहिलं. "तुमीच सांगा, बाई. अशा वक्ताले घरचंच मानूस पायजे. बराबर आहे का नाही?"

त्यांच्या बोटात समाजभवनाच्या किल्ल्या होत्या. समितीचे सचिव तेच. पोरींच्या वर्गाला हॉल कशाला, असं समितीत निघालं, तेव्हा 'माह्या बाई आहेत' एवढंच बोलून त्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली होती. बाईंनी सतरंजीवरच्या मुलींवरून नजर फिरवली. थैली जड होती. खाली ठेवायला जवळ जागा नव्हती.

"तसं बराबर आहे," बाई म्हणाल्या, "पण..."

"झालं तर मंग," भूपेंद्र म्हणाले आणि चपला घालायला वळले.

फेटा बांधलेली हिमानी या वेळी हसली नाही.

दामिनीने फाईल पूर्ण बाहेर काढली, पलीकडच्या भिंतीलगतच्या टेबलावर ठेवली, तिचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला. पिशवी खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली. बाहेर मोटारसायकल सुरू झाली होती.

"दामिनी," बाईंनी मागून विचारलं, "दिवाळी झाली की येशील ना वर्गाला?"

दामिनी वळली. तिने बाईंच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाही."

एकदाच म्हणाली. कारण दिलं नाही.