नवंकोरं सॉफ्टवेअर

साल सत्त्याण्णव. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत जन्मभर टाइपरायटर बडवलेले आप्पा निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या घरी, मुलाच्या, हेमंतच्या, जुन्या कॉम्प्युटरवर एका वकिलाचे मसुदे टाइप करत. हेमंतने हौसेने त्यात नवंकोरं ऑफिस सॉफ्टवेअर टाकलं. मशीनला ते झेपेना. कळ दाबली की अक्षर सावकाश उमटायचं. आप्पा आणखी जोरात बडवायचे.

"अहो, जुनंच टाका ना परत," हेमंतची बायको त्याला म्हणाली.

"अगं, जुनं आता वापरतं कोण?"

शेवटी तो खडखडाट ऐकवेना, तेव्हा हेमंतने मुकाट्याने जुनं टाकलं. अक्षरं पटापट उमटू लागली. "आप्पा, बसून बघा!"

 

"राहू दे रे. वकिलांना कालच सांगून आलो, माझ्या बोटांत आता जोर राहिला नाही, दुसरा कुणी बघा."