चाळीस माद्या

“चाळीस माद्या, अंडं एकही नाही. म्हणून लगेच ‘मादीच्या जीनमध्ये दोष’ असं लिहून मोकळी झालीस?” सरांनी माझी वही टेबलावर आपटली, तशा नळ्यांमधल्या फळमाश्या भिरभिरल्या. “नर तपासलेस?”

“नाही, सर.”

“अगं, अंडी घालायचा इशारा मादीला नराकडूनच मिळतो. नरातच खोट असेल तर ती बिचारी काय करणार? उठसूट आपलं मादीच्या माथी मारायचं!”

सरांची बायको, आमच्या वहिनी, दवाखान्याची फाइल मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर कधीच्या ताटकळत होत्या. त्यांनी फाइल पुढे केली. “अहो, डॉक्टर म्हणतात, चौथ्या ऑपरेशनआधी या वेळी तरी तुमची तपासणी...”

“माझी?” सर हसले. त्यांनी ऑपरेशनच्या संमतीवर सही ठोकली आणि तपासणीची चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकली. “हे शेवटचं हं. यानंतर आई म्हणते तशी दुसरी बघावी लागेल.”

वहिनी फाइल छातीशी धरून निघून गेल्या. मी टोपलीकडे बघत राहिले.

“बघत काय बसलीस?” सर खेकसले. “आधी नर तपास.”