खिडकीकडे तोंड

स्क्रीनवर बाण, कंस आणि आकड्यांचा नुसता चिवडा झाला होता. ओलावा किती, ते काही केल्या सापडेना.

अकोटच्या त्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचा ओलावा मोजायचं मीटर वायरीनं या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. कापूस कोरडा असला की हिरवा आकडा, ओला असला की लाल. स्क्रीनचं तोंड खिडकीबाहेर, कापूस विकायला आलेल्या कास्तकारांकडे. वजनकाट्यावर बसणाऱ्या रागिणीनंच ते तसं करून ठेवलं होतं, कोणाला न विचारता. काल हार्डडिस्क उडाली आणि अकोल्याच्या मेकॅनिकनं नवी टाकून तिच्यावर दुसरी विंडोज चढवली. दुसरी म्हणजे तीही वीस वर्षांची म्हातारीच.

"सोड तो डबा," मालक खुशालराव म्हणाले. "आज हातानंच पाहू ओलावा."

खुशालरावांचा हात मोठा गुणी. एप्रिलच्या उन्हात वाळलेल्या कापसातही त्याला पाणी लागायचं, आणि पाणी लागलं की भाव उतरायचा. रागिणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हातानं नाई मालक. मीटर लावल्याबिगर मी एकबी पावती फाडत नाई."

"मालक कोन आहे इथं?"

"तुमीच. पन पावतीवर सही माही असते."

रंग दाखवायला मीटरच्या जुन्या प्रोग्रॅमला एक ड्रायव्हर लागायचा; तो नसला की रंगांच्या जागी हे बाण आणि कंस उमटायचे. आधीच्या विंडोजमध्ये तो तिनंच चालू केला होता, कॉन्फिग डॉट सिस नावाच्या फाइलीत एक ओळ घालून. तीच ओळ तिनं पुन्हा घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बाण जिथल्या तिथे. खुशालराव खुदकन हसले.

"पोरी, होते का नाई?" बाहेरून नत्थुजींनी विचारलं. त्यांचा ट्रॅक्टर सकाळपासून उभा होता.

"होते ना काका. थांबा."

तिनं काळा कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि फाइली धुंडाळल्या. तेव्हा उमगलं की ही विंडोज त्या फाइलीकडे ढुंकूनही बघत नाही. जुन्या प्रोग्रॅमसाठी तिची वेगळीच फाइल होती, कॉन्फिग डॉट एनटी, सिस्टिमच्या फोल्डरात दडलेली. ड्रायव्हरची ओळ तिनं तिथे लिहिली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.

नत्थुजींच्या कापसाची मूठ मीटरमध्ये गेली. स्क्रीन साफ झाली आणि मधोमध हिरवागार आकडा उमटला.

"हिरवा!" बाहेर कोणीतरी ओरडलं. ट्रॅक्टरांवरून लोक उतरले, खिडकीशी गोळा झाले.

खुशालराव तिच्या कानाशी वाकले. "जमलं तं. आता तोंड फिरव याचं, आतल्या बाजूनं. कास्तकाराले काय करा लागते पाहून?"

ही नोकरी गेली तर अकोटात रागिणीसाठी दुसरी नव्हती. तरी ती खुर्चीवरून उठली आणि बाजूला सरकली.

"माह्यानं होत नाई मालक. तुमीच फिरवा."

ती हे मुद्दाम मोठ्यानं बोलली. खिडकीतले चेहरे मालकांकडे वळले.

खुशालरावांनी हात पुढे केला, स्क्रीनपर्यंत नेला, आणि काचेवरची धूळ पुसून परत घेतला.